प्रकल्पातून गणिताची उजळणी : प्रस्तावना

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत गणिताची उजळणी वर्षातून साधारणपणे तीनदा होते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मागच्या इयत्तेतले मुलांकडे किती शिल्लक आहे हे पाहण्यासाठी, दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्रात शिकवलेल्या सगळ्या घटकांवर एकत्र घेतल्या जाणाऱ्या परीक्षेच्या निमित्ताने, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुसऱ्या सत्राच्या मूल्यमापनाच्या तोंडावर. तिन्ही वेळी वर्गात जे चालते ते थोड्याफार फरकाने सारखेच असते : पाढे एका सुरात म्हटले जातात, हातच्याच्या बेरजा-वजाबाक्या फळ्यावर लिहून दिल्या जातात, पाठ्यपुस्तकातले उदाहरणसंग्रह पुन्हा सोडवले जातात, आणि शेवटच्या दोन-चार तासिका शाब्दिक उदाहरणांना मिळाल्या तर मिळतात. या क्रमात टाकाऊ असे काही नाही. पाढे म्हटल्यानेच पाढे पक्के होतात आणि वजाबाक्या केल्यानेच वजाबाकीवर हात बसतो. उणीव दिसते ती परीक्षेत, आणि तीही एका ठरावीक जागी. जे मूल ‘८२ वजा ४७’ अचूक सोडवते तेच मूल त्याच दोन संख्या शाब्दिक उदाहरणात आल्या की मान वर करून विचारते, ‘बाई, यात बेरीज करायची की वजाबाकी?’ क्रिया त्याला येते, पण कोणती क्रिया करायची हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याचा सराव उजळणीच्या कोणत्याच तासाला झालेला नसतो. प्रकल्पातून उजळणी ही कल्पना मुख्यतः या एका उणिवेवरचा उपाय म्हणून समजून घ्यायला हवी. तिच्यावर याहून जास्त अपेक्षांचे ओझे टाकले की ती फसते, आणि आजवर ती बहुतेक ठिकाणी तशीच फसलेली आहे.

हा सराव का होत नाही, याचे कारण पाठ्यपुस्तकाच्या आणि फळ्याच्या मांडणीतच आहे. ‘भागाकार’ या मथळ्याखालच्या दहाही उदाहरणांत भागाकारच करायचा असतो, त्यामुळे उदाहरण वाचण्याची गरजच उरत नाही. त्यातल्या दोन संख्या उचलायच्या, मोठीला लहानीने भागायचे, की उत्तर बरोबर येते. शिक्षकही मदतीच्या भावनेने खुणा सांगून ठेवतात : ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की गुणाकार नाहीतर भागाकार. मग ‘सीमाने १२ बोरे वाटली आणि तिच्याकडे १५ उरली, तर सुरुवातीला किती होती?’ या उदाहरणात ‘उरली’ हा शब्द पाहून पंधरातून बारा वजा करणारी मुले हमखास निघतात, आणि त्यांना चुकीचे ठरवणेही अवघड असते, कारण सांगितलेला नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. शैक्षणिक मानसशास्त्रात या प्रश्नाचा अभ्यास ‘सलग सराव’ आणि ‘मिश्र सराव’ अशा भेदाने झाला आहे. एकाच प्रकारची उदाहरणे ओळीने सोडवणे हा सलग सराव, आणि वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे एकमेकांत मिसळून सोडवणे हा मिश्र सराव. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही घनाकृतींची घनफळे काढायला शिकवली होती. सराव चालू असताना सलग सराव करणारा गट सरस ठरला, पण आठवड्याने झालेल्या चाचणीत मिश्र सराव करणाऱ्यांची सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर आली आणि सलग सराव करणाऱ्यांची सुमारे २० टक्के. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, तेव्हा हे आकडे तिसरी-चौथीच्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र त्यामागचे कारण, म्हणजे मिश्र सरावात प्रत्येक उदाहरणाला आधी ‘हे कशाचे आहे’ असे विचारावे लागते हे, वयावर अवलंबून नाही. याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे : ज्या सरावात मुले कमी चुकतात तो सराव चांगला, हा समज फसवा असू शकतो.

प्रकल्पात हे मिसळणे आपोआप घडते. येथे प्रकल्प म्हणजे असे काम की ज्याचा शेवट ठोस आहे, जे पुरे करायला मुलांना काही तासिका लागतात, आणि जे गणित केल्याशिवाय पुरे होऊच शकत नाही. व्याख्येतले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण शाळांमध्ये ‘गणिताचा प्रकल्प’ म्हणून जे तयार होते त्यातले बरेचसे या कलमापाशीच गळून पडते. रंगीत कार्डशीटवर चिकटवलेले भौमितिक आकार, आर्यभट आणि रामानुजन यांची चित्रे आणि माहिती, थर्माकोलचे पाढ्यांचे झाड, या वस्तू देखण्या असतात, त्यांत मुलांचे (आणि बरेचदा पालकांचे) कष्टही असतात. पण त्या करताना एकही गणिती निर्णय घ्यावा लागत नाही. ही परिस्थिती का आली याचा इतिहास फार जुना नाही. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकणे चालू असतानाच त्याची नोंद घेण्याची, जी साधने सांगितली गेली त्यांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, चाचणी यांच्या बरोबरीने प्रकल्पही होता. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र प्रकल्पाचे गुण नोंदवहीत भरायचे असल्यामुळे दाखवता येईल अशी वस्तू हाती असणे सोयीचे ठरले, आणि शिकण्याची नोंद व्हायची ती वस्तूची नोंद झाली. शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रकल्प विकत मिळू लागले, हा त्याचाच पुढचा टप्पा.

प्रकल्प पद्धतीचे नाव घेतले की अध्यापक विद्यालयांच्या पुस्तकांत विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांचा उल्लेख येतो, आणि तो योग्यच आहे. त्यांचा ‘द प्रोजेक्ट मेथड’ हा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मुलाने मनापासून, हेतुपूर्वक हाती घेतलेले काम हाच शिक्षणाचा घटक मानावा अशी त्याची मांडणी होती. मराठी वाचकाला मात्र याहून जवळचा एक प्रयोग उपलब्ध आहे आणि गणिताच्या दृष्टीने तो अधिक बोधप्रद आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि त्यानंतर झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालातून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगाच्या आधाराने द्यायचे मूलभूत शिक्षण, आकाराला आले. उद्योगाच्या ओघातच भाषा, गणित, इतिहास-भूगोल यायला हवा, या तत्त्वाला समवाय असे नाव होते. टकळीवरच्या सूतकताईत गणित मुद्दाम आणून बसवावे लागत नव्हते. सूत परेत्यावर गुंडाळताना चार फुटांचा एक तार धरला जाई आणि ६४० तारांची एक गुंडी होई. तेव्हा आज किती तार झाले, गुंडीला किती कमी पडतात, अर्ध्या तासाला किती तार या वेगाने गुंडी कधी पुरी होईल, गेल्या आठवड्यापेक्षा वेग वाढला की घटला, हे प्रश्न कामातूनच उभे राहत. यातला प्रत्येक प्रश्न वेगळी क्रिया मागतो आणि कोणती ते सूतच सांगते. पुढे हा प्रयोग जिथे यांत्रिक झाला तिथे समवायाचीही ओढाताण झाली. चरख्याशी अकबराचा संबंध जोडण्याची कसरत शिक्षकांना करावी लागली आणि टीकाकारांना विनोदाचा विषय मिळाला. गणिताच्या बाबतीत ही ओढाताण सर्वांत कमी होती, ही गोष्ट टीकेच्या धुरळ्यात मागे राहिली. एवढा एक धडा आजच्या प्रकल्पांनी घ्यावा : ज्या कामात गणित आधीपासूनच आहे ते निवडावे, आणि ज्यात ते नाही त्यात ते कोंबू नये.

खऱ्या कामात मुले गणित कसे करतात याविषयी गेल्या चाळीस वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास टेरेझिन्हा कराहेर, डेव्हिड कराहेर आणि आनालुसिया श्लीमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब कागदावर, नुसत्या संख्या आणि चिन्हे मांडून दिले तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांवर उतरले. दहा नारळांची किंमत काढताना शून्य जोडण्याचा शाळेतला नियम न वापरता तीन नारळांची किंमत ठाऊक असलेला मुलगा तीन, सहा, नऊ आणि वर एक अशा टप्प्यांनी उत्तरापर्यंत गेला होता. या अभ्यासावरून व्यवहारातले गणित हेच खरे आणि शाळेतले निरुपयोगी, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना झाला. भारतातील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जे संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले ते या मोहाला आवर घालणारे आहे. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांतली मुले विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करत होती आणि शाळेच्या पद्धतीच्या सोप्या उदाहरणांपाशी अडत होती; उलट शाळेत जाणारी, पण बाजारात काम न करणारी मुले कागदावरची उदाहरणे बऱ्यापैकी सोडवत होती आणि बाजारातल्या हिशेबांपाशी गडबडत होती. एका बाजूचे कौशल्य दुसऱ्या बाजूला आपसूक जात नाही, हा या अभ्यासाचा गाभा. प्रकल्पाच्या पुरस्कर्त्यांना तो जितका उपयोगी आहे तितकाच अडचणीचाही आहे. नुसता बाजार भरवला म्हणून मुलांना भागाकार येणार नाही. बाजारातला हिशेब आणि वहीतली मांडणी यांच्यामध्ये पूल बांधण्याचे काम कुणीतरी मुद्दाम करावे लागते, आणि ते शिक्षकाचे काम आहे.

हा पूल कसा दिसतो हे एका कामाच्या आधाराने जवळून पाहणे बरे. शालेय पोषण आहार ही जिल्हा परिषदेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत रोज घडणारी गोष्ट आहे आणि तिचे प्रमाण ठरलेले आहे : पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. हा हिशेब एरवी मुख्याध्यापक नोंदवहीत करतात आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो. चौथी-पाचवीच्या मुलांकडे तो आठवडाभर सोपवला तर पहिल्या दिवशी काय होते ते पाहावे. पट ४३ आहे. प्रत्येक वर्गात जाऊन हजेरी घेतली तर पहिलीत ७, दुसरीत ९, तिसरीत ६, चौथीत ८ आणि पाचवीत ८, म्हणजे ३८ मुले हजर निघतात आणि पाच गैरहजर. तांदूळ ३८०० ग्रॅम. येथे पहिला अडथळा येतो, कारण वजनकाट्यावर किंवा स्वयंपाकी ताईंशी बोलताना कुणी ३८०० ग्रॅम म्हणत नाही. ते ३ किलो ८०० ग्रॅम करून सांगावे लागतात. डाळ ७६० ग्रॅम, भाजी १ किलो ९०० ग्रॅम, तेल १९० ग्रॅम. आता सगळे मिळून किती वजन शिजणार, असे विचारले की काही मुले तांदूळ आणि भाजी यांचीच बेरीज ४ किलो १७०० ग्रॅम अशी लिहून मोकळी होतात. हातच्याची बेरीज त्यांना येत असते, पण हजार ग्रॅमचा किलो होऊन तो डावीकडच्या घरात जायला हवा हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांच्या सवयीत दहाचाच हातचा आहे. वजनाच्या धड्याची सगळी उदाहरणे बरोबर सोडवलेल्या मुलाकडूनही ही चूक होते, आणि ती पकडली जाण्याची हीच जागा. (एकूण ६ किलो ६५० ग्रॅम येतात.) तेलाच्या बाबतीत एक बारकावा निघतो. पिशवी लिटरमध्ये असते आणि प्रमाण ग्रॅममध्ये; एक लिटर तेलाचे वजन एक किलोपेक्षा कमी, सुमारे ९१० ग्रॅम भरते आणि पिशवीवर तसे छापलेलेही असते. चौथीत यापुढे जाण्याची गरज नाही, पण एखाद्या मुलीने पिशवी वाचून हा प्रश्न विचारला तर तो टाळू नये.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न याहून मोलाचा आहे. पन्नास किलोचे तांदळाचे पोते फोडले, रोज ३ किलो ८०० ग्रॅम लागतात, तर ते किती दिवस पुरेल? ५०,००० ला ३,८०० ने भागले की भागाकार १३ आणि बाकी ६०० येते. पाठ्यपुस्तकात येथे उदाहरण संपते. पोत्यापाशी ते येथून सुरू होते. तेरा दिवस म्हणायचे की चौदा? उरलेल्या ६०० ग्रॅमचे काय, ते किती मुलांना पुरतील, आणि चौदाव्या दिवशी बाकीच्या ३२ मुलांचे काय? ज्या मुलांना बाकी म्हणजे भागाकाराच्या शेजारी लिहायचा एक निरर्थक आकडा वाटत आली आहे त्यांना ती पहिल्यांदाच तांदूळ म्हणून दिसते. त्यातच एखादे मूल म्हणते की बाजाराच्या दिवशी हजेरी कमी असते, तेव्हा पोते चौदा दिवस जाईलही. हा अंदाज आहे, आणि तो अचूक उत्तराइतकाच गणिती आहे. स्वयंपाकी ताई ज्या डब्याने तांदूळ मोजतात तो डबा काट्यावर ठेवून त्यात किती ग्रॅम मावतात हे पाहिले तर त्यांचे ‘चार डबे’ आणि मुलांचे ‘३ किलो ८०० ग्रॅम’ हे एकच आहे की नाही तेही कळते, आणि वर्षानुवर्षांच्या अंदाजाचा हात किती बरोबर होता याचा पडताळा येतो. शेवटी शिक्षकाने हे सगळे पुन्हा फळ्यावर, शाळेच्या रीतीने, भाज्य-भाजकाच्या मांडणीत लिहून घ्यायचे असते. ही पायरी रुक्ष वाटते आणि म्हणून अनेकदा गाळली जाते. पण वर सांगितलेला पूल तो हाच, आणि तो गाळला तर मुलांच्या हाती गणिताऐवजी खिचडीची आठवण उरते.

बालआनंद मेळावा किंवा आठवडी बाजाराच्या धर्तीवर शाळेच्या आवारात भरणारा बालबाजार हा महाराष्ट्रातला सर्वांत लोकप्रिय असा गणिती उपक्रम. त्याविषयी येथे थोडक्यात एवढेच नोंदवायचे की त्याची बातमी जितकी चांगली होते तितके त्यातले गणित बहुधा होत नाही. माल घरून येतो, भाव आई ठरवते, खरेदीची किंमत मुलाला ठाऊक नसते, गिऱ्हाइके म्हणजे कौतुकाला आलेली मोठी माणसे असतात आणि ती सुटे परत घेत नाहीत. त्यामुळे विक्री होते, हिशेब होत नाही. त्याच बाजारात खरेदीचा भाव मुलाला आधी लिहायला लावला, दुपारनंतर कोमेजलेल्या मेथीच्या जुडीचा भाव उतरवण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवला, सुटे परत देणे सक्तीचे केले आणि पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा किलो यांचे भाव एका किलोच्या भावावरून त्यालाच काढायला सांगितले, तर चित्र बदलते. वीस जुड्या प्रत्येकी १० रुपयांनी घेतल्या, १४ जुड्या १५ रुपयांनी गेल्या, उरलेल्या ६ आठ रुपयांनी फुंकून टाकाव्या लागल्या, तर हाती आले २५८ आणि सुटले ५८. ही तीन गुणाकारांची, एका बेरजेची आणि एका वजाबाकीची साखळी आहे आणि तिचा क्रम कोणीही सांगितलेला नाही. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक तर मराठी मुलाच्या कानावर शाळेच्या कितीतरी आधी पडलेले असतात. मागच्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करत. ती घोकंपट्टी पुन्हा आणावी असे येथे सुचवायचे नाही, परंतु पाऊण किलोची किंमत झटकन सांगणारे मूल ३/४ ही आकृती पाहून थबकते तेव्हा त्याला अपूर्णांक येत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला येते ते आणि पुस्तकात लिहिलेले ते एकच आहे हे त्याला कुणी दाखवलेले नसते.

गटात काम करताना गणित नेमके कोण करते, हा प्रकल्पांमागचा सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे. पाच जणांचा गट केला की हिशेब हुशार समजले जाणारे मूल करते, अक्षर चांगले असलेली मुलगी लिहिते, एक जण रेघा मारतो, उरलेले दोघे साहित्य आणतात आणि उभे राहतात. काम पुरे होते, सगळ्यांना सारखे गुण मिळतात, आणि ज्यांना उजळणीची सर्वांत जास्त गरज होती त्यांची उजळणी झालेलीच नसते. मोजणे, तोलणे, चर्चा आणि निर्णय गटाने करावेत, पण हिशेबाचे पान प्रत्येकाचे स्वतःचे असावे, आणि गटाचे उत्तर तेव्हाच मान्य व्हावे जेव्हा गटातले शिक्षक बोट दाखवतील ते कोणतेही मूल ते कसे आले हे सांगू शकेल. या दोन अटींनी बरेच साधते. कामे दररोज फिरती ठेवणेही आवश्यक आहे. हजेरीचे आकडे एकाने मोठ्याने सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे असा साधा नियम ठेवला तरी एक जुने दुखणे वर येते. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी, ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्र्याहत्तर’ यांत गोंधळणारी मुले चौथीतही असतात, कारण मराठीत एकक आधी उच्चारले जाते, दशक मागून येते, आणि ‘एकोण’च्या संख्यांत तर पुढच्या दशकाचे नाव घेतले जाते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पंचवीस’ बरोबर ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला. वादात बाजू कोणतीही घ्यावी, पण ज्या अडचणीवर तो तोडगा होता ती अडचण खरी आहे आणि ती लेखी परीक्षेत दिसत नाही, कारण तिथे संख्या आधीच अंकांत छापलेली असते.

प्रकल्पांवरचा गंभीर आक्षेपही लक्षात घेतला पाहिजे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये असे मांडले की नवशिक्याला कमीत कमी मार्गदर्शन देऊन स्वतः शोधायला लावणे हे शिकवण्याचे अकार्यक्षम साधन आहे, कारण माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून हाताळता येणारी माहिती, फार मर्यादित असते आणि अपरिचित कामाच्या पसाऱ्यातच ती खर्ची पडते. हा आक्षेप मान्य करूनच या पुस्तकात प्रकल्पाची जागा ठरवलेली आहे. भागाकार पहिल्यांदा शिकवायचा तो सुट्या वस्तू वाटून, हळूहळू, एका वेळी एकच गोष्ट समोर ठेवून. पोत्यातल्या तांदळावर नव्हे. जो घटक शिकून झाला आहे, ज्याचा थोडाफार सलग सरावही झालेला आहे, त्याच्या उजळणीसाठी प्रकल्प. आणि त्याच तर्काने पाढ्यांचा रोजचा सरावही चालूच राहायला हवा, कारण ज्या मुलाला ‘आठ सात’ साठी बोटे मोजावी लागतात त्याचे लक्ष ‘येथे गुणाकार का’ या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. पाढे विरुद्ध प्रकल्प अशी जी लढाई चर्चासत्रांत रंगवली जाते ती वर्गात नसतेच.

उजळणीवर इतका वेळ का द्यायचा, असा प्रश्न अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत असलेल्या शिक्षकाकडून येईल आणि तो रास्त आहे. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सोडवू शकणारी पाचवीची मुले २०२२ मध्ये सुमारे २६ टक्के होती आणि २०२४ मध्ये सुमारे ३१ टक्के. म्हणजे सुधारणा आहे, आणि तरीही दहातल्या सातांना ते येत नाही. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर महाराष्ट्राने जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू केला तो मागच्या इयत्तेतली गळती भरून काढण्यासाठीच. मात्र गळती ही केवळ करोनाची देणगी नव्हती. सहावीच्या वर्गात दरवर्षी बसलेली असतात ती मुले या आकड्यांतलीच आहेत, आणि पुस्तक पुढे सरकवल्याने ती पुढे सरकत नाहीत.

वेळेच्या दृष्टीने पाहता एका प्रकल्पाला सहा ते आठ तासिका पुरतात. त्याहून लांबलेला प्रकल्प उजळणीचा न राहता उत्सवाचा होतो. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकत्र असतात, तिथे ही पद्धत अवघड जाईल असे वाटते, पण अनुभवाच्या अंगाने पाहिले तर एकाच कामात वेगवेगळ्या इयत्तांना पुरेल इतके गणित असते : दुसरीच्या मुलांनी हजेरीच्या काड्या दहादहाचे गठ्ठे करून मोजाव्यात आणि पटातून वजा कराव्यात, तिसरीने डाळीचा गुणाकार करावा, पाचवीने पोत्याचा भागाकार. शाळेची परसबाग असेल तर वाफ्याची परिमिती आणि क्षेत्रफळ, रोपांतले अंतर, पावसाळ्यात रोजच्या पावसाची मिलिमीटरमधली नोंद आणि महिन्याअखेर तिचा स्तंभालेख, ही कामेही अशीच वाटून देता येतात. मात्र क्षेत्रफळ आणि परिमिती यांची गल्लत वाफ्यावर दिसली तरी तिथेच सुटत नाही, त्यासाठी चौकटीच्या कागदाकडे परत यावे लागते. प्रकल्प संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची तासिका म्हणूनच राखून ठेवावी. मुलांची हिशेबाची पाने समोर घेऊन ‘४ किलो १७०० ग्रॅम’ लिहिणारे कोण, बाकीला अर्थ देता न आलेले कोण, क्रिया बरोबर निवडून पाढ्यात चुकलेले कोण, असे तीन-चार गट शिक्षकाने पाडावेत आणि प्रत्येकाला त्याच्या गरजेचा, पुन्हा सलग असा, छोटा सराव द्यावा.

पुढील प्रकरणांत संख्या, चार क्रिया, मापन, अपूर्णांक आणि माहितीचे व्यवस्थापन एवढ्याच घटकांचे प्रकल्प दिले आहेत. कोन, आकृत्या आणि सममिती यांची उजळणी अशा कामांत ओढूनताणून आणण्याचे टाळले आहे. ती कागदाच्या घड्यांतून आणि रांगोळीच्या ठिपक्यांतून अधिक चांगली होते, आणि तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. प्रकल्पांना इयत्तेचे शिक्के मारलेले नाहीत. प्रत्येकाच्या सुरुवातीला कोणते घटक आधी शिकवून झालेले असायला हवेत एवढे नोंदवले आहे, आणि दिलेले आकडे नमुन्याचे आहेत; शिक्षकांनी ते खोडून आपल्या शाळेचा पट, आपल्या गावच्या बाजाराचा भाव आणि आपल्या पोत्याचे वजन तिथे लिहावे.